सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर खेळायला जाताना

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स जगभरच्या गोल्फरांना तीर्थक्षेत्रासारखा वाटत असला, तरी तो कोणत्याही खासगी क्लबच्या मालकीचा नाही. पहिल्या टीच्या, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात त्या जागेच्या, मागे उभी असलेली १८५४ सालची दगडी इमारत रॉयल अँड एन्शंट या गोल्फ क्लबची आहे. मैदान मात्र सार्वजनिक जमिनीवर असून त्याचा कारभार १९७४ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट पाहते. त्यामुळे कोणाची ओळख किंवा सदस्यत्व नसतानाही पाहुण्याला येथे खेळता येते. अडचण एवढीच, की खेळू इच्छिणारे फार आणि जागा मोजक्या. म्हणून नियोजनाचा मोठा भाग टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करण्याची ठरलेली वेळ, मिळवण्यातच जातो, आणि बहुतेकांची चूकही तिथेच होते: ते एकच दिवस हाताशी ठेवून येतात.

टी टाइम आधीच निश्चित हवा असेल, तर आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास ट्रस्टकडे अर्ज करावा लागतो, किंवा ट्रस्टने मान्यता दिलेल्या सहल कंपनीकडून पॅकेज घ्यावे लागते, जे अर्थातच महाग पडते. हे दोन्ही जमले नाही तरी खंत करण्याचे कारण नाही, कारण ‘बॅलट’, म्हणजे रोजची सोडत, हा मार्ग सर्वांना खुला असतो. ज्या दिवशी खेळायचे त्याच्या दोन दिवस आधी दुपारी दोनपर्यंत किमान दोन आणि जास्तीत जास्त चार खेळाडूंची नावे द्यायची, आणि त्याच संध्याकाळी निकाल पाहायचा. नाव लागले नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यायचे. सोडतीत आदल्या दिवशीच्या अपयशाचा हिशेब धरला जात नाही, तेव्हा संधी वाढवण्याचा एकच उपाय उरतो, तो म्हणजे मुक्कामाचे दिवस वाढवणे. चार-पाच दिवस राहणाऱ्याला जी आशा बाळगता येते, ती एका दिवसासाठी आलेल्याला बाळगता येत नाही.

एकट्याने येणाऱ्याला या सोडतीत भाग घेता येत नाही. पूर्वी असे गोल्फर पहाटेच्या, कित्येकदा मध्यरात्रीच्या अंधारात रांग लावून बसत. २०२४ पासून त्याऐवजी एकट्या खेळाडूंसाठी वेगळी सोडत सुरू झाली असून, तिच्यासाठी आदल्या दिवशी तिथे स्वतः हजर राहून नाव नोंदवावे लागते. थंडीत कुडकुडण्यातही काहींना आनंद वाटत असे हे खरे, पण वयस्कर खेळाडूंच्या दृष्टीने हा बदल मला न्याय्य वाटतो. मार्ग कोणताही असो, आपल्या क्लबकडून मिळालेले अधिकृत हँडिकॅपचे (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचे) प्रमाणपत्र सोबत असलेच पाहिजे.

तारखा ठरवताना ध्यानात ठेवण्याची मुख्य गोष्ट म्हणजे रविवार. मोठ्या स्पर्धांचे मोजके अपवाद सोडले, तर ओल्ड कोर्स रविवारी खेळासाठी बंद असतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डनहिल लिंक्स स्पर्धेमुळे मैदान काही दिवस मिळत नाही, आणि जुलै २०२७ मध्ये ओपन चॅम्पियनशिप ही गोल्फमधील मानाची स्पर्धा पुन्हा येथे होणार असल्याने त्या उन्हाळ्याचा बेत आखणाऱ्याने आधी ट्रस्टचे वेळापत्रक पाहावे. ऐन हंगामात एका फेरीचे शुल्क ३०० पौंडांहून अधिक असते आणि बॅग वाहणाऱ्या आणि सल्ला देणाऱ्या कॅडीचे मानधन त्यात धरलेले नसते. हिवाळ्यात दर उतरतात, परंतु तेव्हा फेअरवेवरचा, म्हणजे टीच्या पुढच्या आखूड गवताच्या पट्ट्यावरचा, चेंडू लहानशा चटईवर ठेवून मारावा लागतो. आयुष्यात एकदाच येणार असाल, तर चटईवरून खेळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मे किंवा सप्टेंबर हे महिने मला सर्वांत योग्य वाटतात; जूनच्या अखेरीस मात्र रात्री दहापर्यंत उजेड राहतो, त्यामुळे उशिराचा टी टाइम मिळाला तरी फेरी पूर्ण होते.

गावाला रेल्वे स्थानक नाही. एडिनबराहून गाडीने लूकर्सला उतरून तिथून बस किंवा टॅक्सी करावी लागते. अंतर जेमतेम आठ किलोमीटर आहे. शक्य असल्यास शनिवारी पोहोचावे, सोमवारच्या सोडतीसाठी त्याच दुपारी नाव द्यावे आणि रविवारी मैदान पायी पाहून घ्यावे. रविवारी मैदान गावकऱ्यांचे असते. मुले, कुत्री, बाबागाड्या घेऊन लोक फेअरवेवरून फिरत असतात, आणि ज्या जमिनीवर उद्या आपण दडपणाखाली उभे राहणार, तीच जमीन निवांतपणे पायाखाली घालता येते. ही पायपीट टाळू नये. टीवरून जे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, दिसतच नाहीत, ते त्या दिवशी दिसतात. एके काळी हे मैदान आजच्या उलट दिशेनेही खेळले जात असे आणि अनेक बंकर त्या दिशेच्या हिशेबाने पडले असल्यामुळे आजच्या दिशेने जाणाऱ्याला ते उंचवट्यांच्या पाठीमागे दडलेले राहतात. एकंदर ११२ बंकर आहेत. त्यांतील एखाद्याच्या काठावर जरूर उभे राहावे: हिरवळीच्या पट्ट्या विटांसारख्या एकावर एक रचून केलेली जवळजवळ उभी भिंत, तळाशी कोरडी बारीक वाळू, आणि चेंडू भिंतीच्या पायथ्याशी थांबलाच तर क्लब, म्हणजे चेंडू मारण्याची काठी, मागे न्यायलाही जागा नाही. चौदाव्या होलवरील (टीपासून झेंड्याजवळच्या खळीपर्यंतचा एक टप्पा म्हणजे होल) ‘हेल’ बंकर तर माणसापेक्षा खोल आहे. १९९५ च्या ओपनमध्ये जॅक निकलाउससारख्या खेळाडूला त्यातून बाहेर पडायला अनेक फटके लागले आणि त्या होलवर त्यांच्या नावावर १० फटके मांडले गेले. उलट २००० साली टायगर वूड्स चारही दिवसांत एकाही बंकरमध्ये गेले नाहीत आणि १९ अंडर पारने, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा १९ कमी फटक्यांत, जिंकले. आपल्या खेळाची आखणी याच एका गोष्टीभोवती करावी, अंतरापेक्षा बंकर चुकवण्याला महत्त्व द्यावे.

बंकर चुकवायचे कसे, याचे स्थानिक कॅडींचे उत्तर पिढ्यान् पिढ्या एकच आहे: डावीकडे मारा. मैदान सरळ खाडीच्या दिशेने जाते, टोकाशी वळसा घेते आणि जवळजवळ त्याच पट्ट्यातून परत येते. जाताना उजवीकडे काटेरी झुडपे असतात आणि डावीकडे परतीच्या होलचे फेअरवे. परततानाही डावी बाजूच मोकळी असते. मात्र डावीकडून ग्रीनकडे, म्हणजे खळीभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीकडे, येणारा कोन बहुधा अवघड असतो आणि मध्ये एखादा बंकर आडवा येतो, हेही जाणून असावे. सामान्य खेळाडूने तो तोटा पत्करावा. झुडपात हरवलेल्या चेंडूपेक्षा लांबचा पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवणारा फटका, केव्हाही बरा.

आणि पट लांबच असतात. १८ पैकी १४ होल सात प्रचंड जोडग्रीनवर (दोन होलांना मिळून एक ग्रीन) विभागलेले आहेत, आणि जोडीतील होलच्या क्रमांकांची बेरीज प्रत्येक वेळी १८ येते: दुसरा व सोळावा, तिसरा व पंधरावा, असे. जाताना पांढरे झेंडे आणि येताना लाल. घाईत चुकीच्या झेंड्याकडे मारणारे पाहुणे दररोज असतात. तीस-चाळीस मीटरच्या पटची सवय घरच्या मैदानावर होत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी शेजारच्या ‘हिमालयाज’ या पटिंगच्या मैदानावर तासभर घालवावा. १८६७ साली स्थापन झालेल्या महिलांच्या पटिंग क्लबचे हे उंचसखल मैदान पाहुण्यांसाठीही खुले असते. लिंक्सची, म्हणजे समुद्रकाठच्या गोल्फ मैदानाची, जमीन वाळूची, टणक आणि आखूड गवताची असल्यामुळे ग्रीनच्या बाहेरूनही, अगदी वीस मीटरवरूनही, चेंडू उंच उडवणाऱ्या वेजऐवजी तो घरंगळवणारा पटर काढण्यात कमीपणा नाही. तिथले लोक तसेच खेळतात.

कॅडी आधी सांगून ठेवावा आणि पैसे रोख जवळ ठेवावेत. इथे कॅडी ही चैन नव्हे, कारण टीवरून काय दिसत नाही ते फक्त त्याला ठाऊक असते. बग्गी, म्हणजे मैदानातली छोटी गाडी, मिळेल असे गृहीत धरू नये, फेरी पायीच करायची असते, आणि ती साधारण चार तासांत संपवण्याची अपेक्षा असते. बॅग हलकी असावी, पण पावसाचे कपडे, लोकरीची टोपी आणि जास्तीचा हातमोजा जुलैतही घ्यावा, कारण समुद्रावरून येणारे धुके, ज्याला तिकडे ‘हार’ म्हणतात, ऊन पडलेली सकाळ पाहता पाहता गिळून टाकते.

सुरुवात वाटते त्यापेक्षा सोपी आहे. पहिला आणि अठरावा होल मिळून एकच विस्तीर्ण फेअरवे आहे, त्यामुळे ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारा क्लब, काढण्याची गरज नसते. पण ग्रीनच्या अगदी पुढ्यातून स्विल्कन ओढा वाहतो, म्हणून दुसऱ्या फटक्याला थोडा अधिक लांब मारणारा क्लब घ्यावा. याच फेअरवेतून सार्वजनिक रस्ता जातो, तेव्हा माणसे पलीकडे जाईपर्यंत थांबावे.

सतरावा, म्हणजे ‘रोड होल’, हा पार चारचा, म्हणजे चार फटक्यांत संपावा असा, असला तरी पाहुण्याने तो मनातल्या मनात पाचचाच मानावा. टीवरून चेंडू हॉटेलच्या आवारातील शेडवरून न्यावा लागतो; तेवढी ताकद नसेल तर निशाण शेडच्या डावीकडे धरावे. ग्रीन अरुंद आणि तिरके आहे, त्याच्या पोटात एक खोल बंकर आणि पाठीमागे डांबरी रस्ता व दगडी भिंत. दुसरा फटका ग्रीनच्या अलीकडे उजव्या बाजूला थांबवावा आणि तिथून पटरने वर चढावे. १९७८ मध्ये जपानचे टॉमी नाकाजिमा ग्रीनवर पोहोचले होते, पण त्यांचा पट उतारावरून बंकरमध्ये घरंगळला आणि त्या होलवर ९ फटके झाले.

अठराव्यावर स्विल्कन पुलावर फोटो काढायला थांबायचे असेल, तर चौघांनी मिळून एकदाच थांबावे, कारण मागचा गट सतराव्या ग्रीनवर आलेला असतो. शेवटचा फटका ध्वजाच्या मागे जाईल असा मारावा. ग्रीनच्या पुढे डावीकडे ‘व्हॅली ऑफ सिन’ हा खोलगट भाग आहे आणि आखूड पडलेला चेंडू तिथेच परत येऊन थांबतो. तिथे सापडलात, तरी पटरच काढा. १९९५ च्या ओपनमध्ये इटलीचे कोन्स्तान्तिनो रोक्का यांनी याच खळग्यातून पटरने चेंडू थेट होलमध्ये घातला होता.