गाडी बघायला जाण्याआधी: रोजच्या वापराच्या मोटरसायकलची तयारी

भाच्याला रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि पहिला पगार व्हायच्या आतच त्याचा फोन आला, "मामा, स्प्लेंडर घेऊ का रेडर?" मी म्हटलं, आधी एक वही घे. त्या वहीत आम्ही दोघांनी जे खरडलं तेच इथे सलग लिहितोय.

पहिल्या पानावर कुठल्याच गाडीचं नाव लिहायचं नाही. रोज किती किलोमीटर, त्यातले हायवेवर किती, मागे कोण बसणार, रात्री परतायचं का, गाडी कुठे उभी राहणार, एवढंच लिहायचं. भाच्याचं उत्तर असं निघालं: जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, त्यातले तीस पुणे-नगर रस्त्यावर, सेकंड शिफ्ट असली की परतीला रात्रीचे बारा, रविवारी मागे आई. एवढ्यावरच त्याच्या यादीतल्या निम्म्या गाड्या गळल्या. गळल्या त्या वाईट नव्हत्या, त्याच्या कामाच्या नव्हत्या.

मग १०० की १२५, याचा निकाल लावा. स्प्लेंडर प्लसचं इंजिन ९७.२ सीसी, शाइन १०० चं ९८.९८, प्लॅटिना १०० चं १०२. तिन्हींना चार गिअर. चाळीस-पन्नासच्या वेगाला या गाड्या दिवसभर कुरकुर न करता चालतात. पण हायवेला शेजारून कंटेनर जात असताना साठ-पासष्टवर मूठ जवळजवळ पूर्ण पिळलेली असते आणि पुढे काढायला हातात काही उरत नाही. शाइन १२५, एसपी १२५, रेडर यांना पाच गिअर आहेत, त्याच वेगाला इंजिन निवांत असतं. माझं मत सरळ आहे: निम्म्याहून जास्त अंतर हायवेचं असेल तर १२५ घ्या, गाव ते बाजारपेठ एवढंच असेल तर १०० वर जास्तीचे पैसे घालू नका. (आमच्याकडे अजून कुठल्याही स्प्लेंडरला 'हिरो होंडा'च म्हणतात. २०११ मध्ये दोघांची वाटणी झाली, आता होंडाची शाइन १०० आणि हिरोची स्प्लेंडर एकमेकींच्या समोर उभ्या आहेत, हे वडीलधाऱ्यांना समजावून सांगायची तयारी ठेवा.)

ॲव्हरेजचा आकडा सगळे पहिल्यांदा विचारतात, मी तो तिसऱ्या पानावर ढकलतो. पुण्यात जिच्या नावाने टेकडी ओळखली जाते त्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. तिथे खड्डा नाही, समोरून वारा नाही, मागे आई नाही. त्यापेक्षा तीच गाडी दोन वर्षं वापरणारा माणूस गाठा. त्याला टाकी फुल करायला सांगा, पुढच्या फुल टाकीपर्यंतचे किलोमीटर भागिले लिटर करा. आणि फरक रुपयांत मांडा. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरा. ६० चा ॲव्हरेज असेल तर २०० लिटर लागतं, ५० चा असेल तर २४०. म्हणजे वर्षाला चाळीस लिटरचा फरक. लिटरला शंभरच्या हिशेबाने चार हजार, महिन्याला साडेतीनशेच्या आत. एवढ्यासाठी रोज जीव मुठीत धरून ओव्हरटेक करायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. टाकीही बघा: शाइन १०० ची ९ लिटरची, स्प्लेंडरची ९.८, प्लॅटिनाची ११. पंप लांब असलेल्या गावात हा फरक ॲव्हरेजपेक्षा जास्त जाणवतो.

सीएनजीची बजाज फ्रीडम १२५ जुलै २०२४ मध्ये आली, तीही बघून या, पण आधी सीएनजीचा पंप तुमच्या वाटेवर आहे का आणि शिफ्ट सुटते त्या वेळी तिथे रांग किती असते, हे दोन दिवस जाता-येता पाहून ठेवा. पेट्रोलची टाकी तिला २ लिटरचीच आहे.

आता मापाचं. शोरूममध्ये गाडी डबल स्टँडवर असते, त्यावर बसून काही कळत नाही. खाली उतरवायला लावा. सीटची उंची स्प्लेंडरची ७८५ मिलिमीटर, रेडरची ७८०, प्लॅटिनाची ८०७, फ्रीडमची ८२५. उंची सव्वापाच फूट असेल तर हे चार-साडेचार सेंटिमीटर सिग्नलला पाय टेकताना कळतात. वजनही हाताने बघा. शाइन १०० भरते ९९ किलो, स्प्लेंडर ११२, रेडर १२३. ज्यांची गाडी रात्री ओट्याशेजारच्या बोळातून मागे ढकलत आत घ्यावी लागते, त्यांनी बोळाची रुंदी टेपने मोजून न्यावी. आमच्याकडे हँडल फाटकाच्या कडीला घासणार हे टेप लावल्यावरच कळलं.

टेस्ट राइडला एकट्याने जाऊ नका. जी मागे बसणार आहे तिला घेऊन जा. माझी ताई साडी नेसून एका बाजूला पाय टाकून बसते. तिला मी एकामागून एक तीन गाड्यांवर बसवलं. पहिलीवर म्हणाली, "पाय कुठे ठेवू?" पायपट्टी इतकी आखूड की चप्पल अर्धी हवेत. दुसरीची सीट मागे चढती, ब्रेक मारला की ती भाच्याच्या पाठीवर. तिसरीवर बसली, एका हाताने मागची दांडी धरली आणि काही बोलली नाही. त्या गप्प बसण्याला मी वहीत सगळ्यात जास्त गुण दिले. साडीगार्ड, मागच्या माणसाला धरायला आधार आणि पायपट्ट्या या केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे गाडीबरोबर यायच्याच वस्तू आहेत, तेव्हा साडीगार्ड 'ॲक्सेसरी' म्हणून कोणी वेगळा लावत असेल तर तिथेच थांबवा.

राइड घेताना शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून परत येऊ नका. गतिरोधक, चढ आणि थोडा कच्चा रस्ता, तिन्ही मिळू द्या. चढावर दोघं बसून तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दम टाकते का ते बघा. पन्नास-साठला आरशाकडे नजर टाका. मागचा ट्रक आरशात थरथरत असेल तर तीच थरथर रोज तासभर तुमच्या तळहातात येणार. ब्रेक मोकळ्या जागी दाबून बघा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) द्यावंच लागतं. कॉम्बीत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. जुन्या गाडीवरून येणाऱ्याला आधी हे चमत्कारिक वाटतं. पुढे डिस्क मिळत असेल आणि फरक परवडत असेल तर डिस्कच घ्या.

हेडलाइट मात्र शोरूमवाला दाखवू शकत नाही, कारण तुम्ही जाता दुपारी. ज्याच्याकडे ती गाडी आहे त्याला पटवा आणि अंधार पडल्यावर गावाबाहेर एक फेरी मारा. शिरूर तालुक्यात उसाच्या हंगामात मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. ट्रॉली किती अंतरावरून दिसते, हा आकडा कुठल्याही माहितीपत्रकात नसतो.

गावातल्या मेकॅनिककडे चहा घ्या. त्याला 'कुठली चांगली?' असं विचारू नका, तो स्वतःकडची सांगेल. चेन-स्प्रॉकेटचा सेट, क्लच प्लेट, ब्रेक शू कितीला पडतात आणि तालुक्यात लगेच मिळतात का, ते विचारा. २०२० मध्ये धुराचे बीएस ६ नियम आल्यावर बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन फ्यूल इंजेक्शन आलं, तेव्हा त्याच्याकडे त्यातला बिघाड शोधणारा स्कॅनर आहे का, हेही विचारा. नसेल तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर किती लांब, ते वहीत लिहा. किक आहे का बघा. थंडीत बॅटरी उतरली की आठवण येते.

आता कोटेशन. हे मी कधीही तोंडी घेत नाही, लेटरहेडवर घेतो आणि दोन-तीन ठिकाणचं घेतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून त्याआधीच्या व्हिडिओतल्या किमती मनातून काढून टाका. एक्स-शोरूमच्या, म्हणजे नुसत्या गाडीच्या किमतीच्या खाली पहिला येतो रोड टॅक्स. महाराष्ट्रात पेट्रोल दुचाकीला ९९ सीसीपर्यंत १० टक्के, त्यावर २९९ पर्यंत ११ टक्के. शाइन १०० चा ९८.९८ हा आकडा आता परत वाचा. मग विमा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीसाठी तो ३,८५१ रुपये अधिक कर असा आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग वेगळा, आणि तो कुठल्याही कंपनीकडून घ्यायची तुम्हाला मुभा आहे. बाहेरचा दर काढून नेला की शोरूमचा दर आपोआप खाली येतो.

उरलेल्या ओळी बोट ठेवून वाचा. आम्हाला एका ठिकाणी मिळालेल्या कागदावर 'लॉजिस्टिक' अशी पंधराशेची ओळ होती. भाच्याने विचारलं, हे काय? काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सगळ्यांनाच लागतं." पावतीवर याच नावाने लिहून द्या म्हटल्यावर ती आत गेली आणि नवा कागद घेऊन आली, त्यात ती ओळ नव्हती. आयएसआय मार्कचं हेल्मेट नियम १३८ प्रमाणे गाडीबरोबर मिळायचं असतं, तेही मागून घ्या. टेफ्लॉन कोटिंग, सीट कव्हर, 'कॉम्बो किट' ही सगळी नको म्हणायची जागा आहे.

हप्त्यावर घेणार असाल तर 'दहा टक्के' ऐकून मान डोलावू नका. फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर व्याज) की रिड्यूसिंग (उरलेल्या रकमेवरच व्याज), ते विचारा. सत्तर हजार, तीन वर्षं, १० टक्के फ्लॅट म्हणजे व्याज २१ हजार आणि हप्ता सुमारे २,५२८. तेच १० टक्के रिड्यूसिंगने हप्ता २,२५९ च्या आसपास, व्याज सव्वाअकरा हजारांच्या घरात. म्हणजे फ्लॅटचे दहा टक्के हे खरे जवळजवळ अठरा. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडलं तर लागणारा दंडही लेखी घ्या. कर्ज फिटल्यावर आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही, कर्ज देणाऱ्याकडून एनओसी (ना हरकत पत्र) घेऊन तो उतरवावा लागतो.

रंगावर घरात भांडण होणारच, त्याला अर्धा तास द्या.

बुकिंग पाडव्याचं किंवा दसऱ्याचं असेल तर गाडी आदल्या दिवशी उजेडी जाऊन बघा, मुहूर्ताच्या गर्दीत कोणी काही दाखवत नाही. चेसिस आणि इंजिन नंबर कागदाशी ताडा, बनावटीचा महिना बघा, टाकीवर तिरक्या उजेडात चरे दिसतात का पाहा, दोन्ही किल्ल्या लावून बघा, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. टाकीत पेट्रोल जेमतेम पंपापर्यंत पोचेल इतकंच असतं, म्हणून पंप कुठल्या बाजूला आहे ते विचारून ठेवा. आणि निघताना हार हेडलाइटवरून काढा, आमचा पहिल्याच वळणावर पुढच्या चाकात गेला.