पेवातला आवाज घेऊन ऑपेरात

मी ऑपेरात, म्हणजे पाश्चात्य संगीतनाटकात गायलोय. त्यामुळं दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी सांगली-मिरजेकडच्या एखाद्या पोराचा फोन येतो. "दादा, माझा आवाज लई खाली जातो. ऑपेरात काही जमेल का?" मी उलटंच विचारतो, "वर कुठपर्यंत जातो?" इथं बहुतेक जण गप्प होतात.

पुरुषांचा सगळ्यात खालचा आवाज म्हणजे बास. पियानोच्या मधल्या पांढरी एकला सा धरला, तर अतिमंद्रातल्या गंधारापासून मध्य सप्तकातल्या गंधारापर्यंत, अशी साधारण दोन सप्तकं त्याच्याकडून मागतात. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट' या ऑपेरातला (१७९१) झारास्त्रो त्या खालच्या गंधाराच्या जरा वर, मध्यमावर थांबतो. त्याच्याच 'सेराल्यो'मधला (१७८२) ओस्मिन आणखी खाली, रिषभापर्यंत उतरतो. खालचे स्वर निसर्ग देतो. वरचे चार स्वर मात्र कमवावे लागतात, आणि ऑडिशनमध्ये पारखतात ते तेच.

माझं घर हळदीच्या अडतीचं. दहावीत आवाज फुटला तेव्हा आत्या म्हणाली, "काय रे, पेवातून बोलतोयस का?" हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं ज्यांनी पाहिलीत, त्यांना हे लगेच कळेल. नाट्यसंगीताच्या क्लासला गेलो तर तिथं पट्टी काळी एक. तार षड्ज लावताना मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या. गुरुजी म्हणायचे, "रियाज कमी पडतो." मीही तेच धरून चाललो. पुढं कळलं की बासचा आवाज ज्या जागी कूस बदलतो, नेमकी तीच ही जागा. तिथं शब्दातल्या स्वराचा (अ, आ, ई) आकार थोडा मिटवून, गोल करून वर जावं लागतं. हे शिकवल्याशिवाय येत नाही, आणि ताकद लावली तर मुळीच येत नाही. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, १८४३ साली विष्णुदासांनी इथं 'सीतास्वयंवर' केलं, हे आम्हाला शाळेपासून पाठ. पण त्या पंढरीत गाणारा पुरुष उंच पट्टीचाच, हेही पाठच होतं. खर्ज हा पहाटेचा व्यायाम. मैफलीत त्याला कोण विचारतो?

ऑपेराचं गाणं शिकताना पहिली दोन वर्षं मी जी चूक केली, ती जवळजवळ सगळेच करतात. आवाज खालचा आहे ना, मग तो आणखी जाड, आणखी काळा करायचा. स्वरयंत्र खाली दाबायचं, जीभ मागं ओढायची. स्वतःच्या कानाला फार भारी वाटतं. एकदा माझ्या शिक्षिकेनं सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून मला रेकॉर्ड केलं. वाद्यवृंदातले चेलो ऐकू येत होते. मी नुसतेच ओठ हलवत होतो.

यातली खरी गोष्ट मला पुढं मिरजेत समजली. सुट्टीत आलो होतो, तंबोऱ्याच्या एका कारखान्यात बसलो होतो. कारागिरानं खर्जाची जाड पितळी तार छेडली. मेणचट, बोथट आवाज. मग घोडीवर तारेखाली सुताचा धागा हळूच सरकवला आणि तार बोलायला लागली. तार तीच होती, छेडणंही तेवढंच होतं. जवारी लागली आणि वरचे सूक्ष्म स्वर उमलले. ऑपेरात माईक नसतो. ऑर्केस्ट्राचा सगळ्यात मोठा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो. कमावलेल्या पुरुषी आवाजात २५०० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात एक धार तयार होते आणि ती वाद्यांच्या वरून निघून जाते. बासची जवारी म्हणजे ही धार. आवाज काळा करणारा पोरगा नेमका तो धागाच काढून टाकतो.

वयाचं स्पष्ट सांगतो. हा आवाज उशिरा पिकतो, तिशीनंतरच अंगात येतो. त्यामुळं विसाव्या-पंचविसाव्या वर्षी व्हेर्दीचा राजा फिलिप किंवा बोरिस गोदुनोव्ह अशा भारी भूमिका घेऊन फिरू नका. 'ला बोएम'मध्ये (१८९६) कोलीन आपल्या जुन्या कोटाचा निरोप घेतो. गाणं छोटं आहे, पण गाणाऱ्याचं सगळं उघडं पाडतं. तिथून सुरू करा. आणि भूमिकांबद्दल आधीच मन घट्ट करा. टेनरला, म्हणजे उंच आवाजाच्या पुरुषाला, नायिका मिळते; आपल्या वाट्याला तिच्या बापाची भूमिका. नाहीतर पुजारी, सैतान, राजा, भामटा. अठ्ठाविसाव्या वर्षी मी सत्तरीची दाढी चिकटवून उभा होतो.

जर्मनीकडं सगळे का धावतात? तिथं सरकारी पैशावर चालणारी ८०च्या आसपास ऑपेराघरं आहेत आणि त्यांतली बरीच गायकांना वर्षाच्या करारावर पगारी ठेवतात. शिक्षणाची फी बहुतेक राज्यांत नगण्य. पण व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवायची रक्कम २०२४च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो आहे. आमच्याकडं त्यासाठी अडतीवर कर्ज निघालं. प्रवेशाला वयाची अट आहे का, हे संस्थेला आधी विचारा. उशिरा पिकणाऱ्या आवाजाला ती सगळ्यात आधी नडते.

शिकून झाल्यावर मी चार वर्षं कोरसात, म्हणजे समूहगायकांत गायलो. घरी फोनवर "म्हणजे मागं उभं राहायचं?" असं विचारलं जायचं. पण खालचे बास कोरसाला कायम हवे असतात, पगार वेळेवर येतो आणि रोज संध्याकाळी मोठे गायक फुकट ऐकायला मिळतात. तेहेतिसाव्या वर्षी एका छोट्या थिएटरात एकल गायक म्हणून लागलो. तिथल्या तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात करार पुढं चालू न ठेवण्याचं पत्र आलं. ३१ ऑक्टोबरच्या आत ते द्यायचा नियम आहे, म्हणून तिथल्या प्रत्येक गायकाचा ऑक्टोबर वाईट जातो. संचालक बदलला की माणसं बदलतात, कारण एवढंच. तेव्हा मी आठ दिवस गायलो नाही.

भाषांत आपलं अर्धं काम आधीच झालेलं असतं. 'पता' आणि 'पत्ता' यातला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही, आणि इटालियनचा निम्मा जीव या जोडव्यंजनांत आहे. फक्त ट-ड घरी ठेवून जायचे. तिथं सगळं दंत्य. बासला इटालियन, जर्मन, फ्रेंचबरोबर रशियनही लागते.

सांगलीत बसून आज काय करता येईल? स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्य स्वरलिपी वाचायला शिका. हे नसेल तर बाकी सगळं अडतं. जर्मनचा क्लास लावा. पहाटेचा खर्ज सोडू नका, पण हळू, बोलण्याच्या आवाजात. आणि मार्केट यार्डात सौद्याला जात असाल तर तोंडाला रुमाल बांधा. हळदीच्या धुळीनं माझा एक अख्खा उन्हाळा खाल्ला.

मला रेकॉर्डिंग पाठवायचं तर साध्या खोलीत, फोन चार हात लांब ठेवून. मागं एकानं बाथरूममधून पाठवलं होतं, नळसुद्धा चालू होता. त्या नळाच्या आवाजावरूनही त्याचा पंचम स्वच्छ येत होता. तो आता पुण्यात जर्मन शिकतोय.