बुटक्या डोक्याचा फ्लँज स्क्रू: मशिन डिझाइनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

मशिन डिझाइनमध्ये नव्याने आलेल्यांची ड्रॉइंग तपासताना एक गोष्ट हमखास आढळते: पत्र्याचे झाकण असो वा मोटरचा ब्रॅकेट, सगळीकडे बटन हेड फ्लँज स्क्रूच (गोलसर बुटके डोके आणि त्याच्या बुडाशी वॉशरसारखी अंगचीच रुंद कड, म्हणजे फ्लँज) लावलेला असतो, कारण तो नेटका दिसतो आणि वॉशरही वाचतो. माझ्या मते हा स्क्रू झाकणे धरण्यासाठी आहे, भार पेलण्यासाठी नाही.

त्याचे मानक आयएसओ ७३८०-२. एम ५ मापाच्या (५ मिमी व्यासाच्या) नेहमीच्या अ‍ॅलन बोल्टचे, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेल्या बोल्टचे, डोके ५ मिमी उंच असते, तर याचे अवघे २.७५ मिमी, म्हणून जिथे कपडा किंवा वायर अडकण्याची भीती असते, अशा गार्डवर (मशिनच्या संरक्षक झाकणावर) तो योग्य ठरतो. फ्लँजचा व्यास ११.८ मिमी आणि साध्या बटन हेडचा ९.५ मिमी असल्याने ५.५ मिमीच्या भोकावर टेकणारे क्षेत्र साधारण पावणेदोन पट होते. पातळ पत्रा, पॉलिकार्बोनेट किंवा लांबट स्लॉट असेल, तर हा फरक फार मोलाचा असतो. पावडर कोटिंगवर मात्र फ्लँज डोक्याबरोबरच फिरत असल्याने ओरखडा उठतो. तिथे वॉशरच बरा.

ताकदीचे गणित वेगळे आहे. एम ५ अ‍ॅलन बोल्टला ४ मिमीची षटकोनी की (अ‍ॅलन की) लागते, याला ३ मिमीची, आणि खाचही उथळ असते. डोक्यावर ०१०.९ असे कोरलेले दिसले, तर आकड्याआधीचे ते शून्य सांगते की बुटक्या डोक्यामुळे हा स्क्रू १०.९ या ताकदीच्या ग्रेडचा पूर्ण भार घेणार नाही. मेंटेनन्सवाले गार्ड वारंवार उघडतात, तेव्हा खाचेत कूलंट आणि बारीक बुरादा साचलेला असतो. तो स्क्राइबरने (टोकदार सळईने) न उकरता की घातली, तर ती अर्धीच बसते, जोर लावताच खाच गोल होते आणि मग स्क्रू ड्रिल करूनच काढावा लागतो. बॉल-एंड की (गोल टोकाची, तिरकी धरूनही फिरणारी) तर शेवटच्या आवळणीसाठी वापरूच नये.

ड्रॉइंगमध्ये दोन जागा जरूर तपासाव्यात. अ‍ॅलन बोल्टसाठी पाडलेल्या १० मिमीच्या काउंटरबोअरमध्ये (डोके आत बसवण्यासाठीच्या रुंद खड्ड्यात) हा फ्लँज शिरत नाही. तसेच पत्र्याच्या बेंडची (वळणाची) आतील त्रिज्या २ मिमी असेल, तर भोकाचे केंद्र आतल्या भिंतीपासून किमान ९ मिमी दूर ठेवावे, अन्यथा फ्लँजची कड बेंडवर चढते आणि स्क्रू तिरका आवळला जातो.