गॅस आणि विजेच्या बिलाची सरकारी मदत अडकते कुठे? या चुका टाळा

"सगळी कागदपत्रं दिलीत, तरी पैसे येत नाहीत." सांगली-साताऱ्यातल्या गॅस एजन्सीच्या काउंटरवर, सेतूत, महावितरणच्या शाखा कार्यालयात हे वाक्य सारखं ऐकू येतं. बोलणारं कुटुंब बहुतेक वेळा खरोखरच पात्र असतं. गॅसचं पुस्तक सासऱ्यांच्या नावावर, लाडकी बहीणचे पैसे सुनेच्या खात्यात आणि नोंदवलेला मोबाईल नंबर पुण्यात कामाला असलेल्या मुलाचा, अशी गत असते. तीन कागदांवर तीन माणसं असली की मंजूर झालेली मदतही घरात पोचत नाही. म्हणून इथे पात्रतेच्या अटींपेक्षा या गुंत्यावर जास्त लिहितो आहे.

कोणती मदत कुठून येते

केंद्राची उज्ज्वला योजना १ मे २०१६ पासून आहे. जोडणी घरातल्या प्रौढ महिलेच्या नावावर मिळते. १४.२ किलोच्या सिलेंडरमागे ३०० रुपये खात्यात येतात. २०२५-२६ साठी ही सवलत वर्षाला ९ सिलेंडरपर्यंत ठेवली आहे. त्यावर राज्याची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आहे. ती २०२४ मध्ये सुरू झाली. उज्ज्वला आणि लाडकी बहीणच्या लाभार्थींना तिच्यात वर्षाला तीन सिलेंडर भरून मिळतात. विजेत कमी वापराच्या घरांसाठी वेगळा स्वस्त दर आहे आणि छतावरच्या सौर पॅनेलसाठी अनुदान आहे.

साध्या जोडणीवरचं जुनं अनुदान २०२० पासून बहुतेक ठिकाणी बंदच आहे. उज्ज्वला नाही, लाडकी बहीणही नाही, अशा घराने "आमची सबसिडी कुठे अडली" म्हणून खेटे घालू नयेत.

"मोफत" म्हणजे हातात पैसे न ठेवता नव्हे

सर्वांत जास्त वाद इथे होतो. गाडी दारात येते, घरातली बाई म्हणते हा आमचा फुकटातला सिलेंडर, आणि पोचवणारा पूर्ण किंमत मागतो. तो बरोबर असतो. अन्नपूर्णातही आधी बाजारभावाने पूर्ण रक्कम द्यायची आणि नंतर ती खात्यात परत येते. योजना आली तेव्हा ही रक्कम साधारण ८३० रुपये धरली होती. उज्ज्वलाच्या ग्राहकाला त्यातले ३०० केंद्राचे आणि उरलेले ५३० राज्याचे. त्यामुळे दोन वेगवेगळ्या जमा दिसल्या, किंवा आधी ३०० च आले, तर घाबरू नका.

एका महिन्यात एकाच सिलेंडरवर हा लाभ मिळतो. दिवाळीच्या महिन्यात दोन घेतले तर दुसऱ्याचे पैसे अन्नपूर्णातून येणार नाहीत. योजना फक्त १४.२ किलोच्या सिलेंडरला आहे. पाच किलोची छोटी टाकी घेणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

मजुरी आठवड्याच्या बाजारादिवशी मिळत असेल तर नोंदणी त्या हिशेबाने करा. गाडी परत गेली की पुन्हा थांबणं आलं.

पुस्तक एकाच्या नावावर, योजना दुसरीच्या

विटा-आटपाडी भागात गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यानिमित्त घरचा कर्ता माणूस वर्षानुवर्षं परराज्यात असतो. माण-खटावचे कित्येक जण मुंबईत. गॅसचं पुस्तक मात्र त्यांच्याच नावावर, कारण जोडणी घेतली तेव्हा तसाच रिवाज होता. बायको लाडकी बहीणमध्ये पात्र आहे, पण जोडणी तिच्या नावावर नसल्यामुळे अन्नपूर्णाचा लाभ मिळत नाही.

यावर उपाय साधा आहे, फक्त तो माणूस गावी असताना करायला हवा. दोघांची आधार कार्डं, रेशन कार्ड, गॅसचं पुस्तक घेऊन एजन्सीत जायचं, नाव बदलण्याचा आणि केवायसीचा (ओळख पडताळणीचा) अर्ज भरायचा, नवऱ्याची संमतीची सही द्यायची. तो जत्रेला किंवा गणपतीला आला की हे काम पहिलं उरका. नवरा हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. सासू, दीर सगळे गावातच असतील तर एकाच दिवशी सह्या घ्या.

एक चूक मात्र सुधारता येत नाही. लाभ एका रेशन कार्डावर एकालाच मिळतो हे कळल्यावर काहींनी घाईघाईने रेशन कार्ड विभक्त करून घेतलं. अन्नपूर्णाच्या शासन निर्णयात १ जुलै २०२४ नंतर विभक्त झालेली कार्डं पात्र धरलेली नाहीत. कुणी पैसे घेऊन "कार्ड फोडून देतो, दोन्ही सुनांना लाभ मिळेल" म्हणत असेल तर देऊ नका.

पैसे येतात, पण भलत्याच खात्यात

गॅसचा अर्ज भरताना तुम्ही बँकेचं पासबुक दिलेलं असतं, म्हणून पैसे त्याच खात्यात येतील असं वाटतं. तसं होईलच असं नाही. आधारवर आधारित जमा पासबुकातल्या खाते क्रमांकाकडे बघत नाही. तुमचा आधार क्रमांक सध्या ज्या बँकेशी जोडलेला आहे, तिथे रक्कम जाते, आणि एका वेळी अशी एकच बँक असते. सर्वांत शेवटी जिथे जोडणीचा अर्ज दिला, ती.

समजा एका बाईचं जुनं खातं जिल्हा बँकेत आहे. मधे बचत गटाच्या कर्जासाठी राष्ट्रीयीकृत बँकेत खातं निघालं. मग कुणीतरी दुकानात बसून मोबाईलवर पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं, अंगठा घेतला आणि त्या अर्जात आधार जोडणीची संमती आपोआप गेली. आता ३०० रुपये त्या तिसऱ्या खात्यात पडतायत. तिच्याकडे त्याचं पासबुक नाही, आणि ती दर महिन्याला जिल्हा बँकेत रांगेत उभी राहून "काही जमा नाही" ऐकून परत येते. ही रक्कम बुडालेली नसते. त्या खात्यातून ती काढता येते.

त्यामुळे एजन्सीशी भांडण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर, लॉगिन करून, बँक जोडणीची स्थिती बघा. तिथे बँकेचं नाव आणि जोडणी चालू आहे की बंद, एवढं दिसतं. नाव अनोळखी निघालं तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे जाऊन आधार जोडणीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसतं "आधार दिलेलं आहे" पुरत नाही. खात्याला केवायसीसाठी आधार देणं वेगळं आणि अनुदानासाठी आधार जोडणं वेगळं. बँकेत विचारताना "अनुदानासाठी आधार जोडणी" असंच म्हणून विचारा.

खातं बरीच वर्षं वापरात नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असतं आणि जमा अडकू शकते. थोडे पैसे भरून, केवायसी नव्याने करून ते आधी चालू करा.

मोबाईल नंबर आणि अंगठा

सिलेंडर घरी येतो तेव्हा नोंदवलेल्या मोबाईलवर एक कोड येतो, तो पोचवणाऱ्याला द्यायचा असतो. नंबर मुलाचा असेल आणि मुलगा कंपनीत पाळीवर असेल तर गाडीवाला दारात, कोड चाकणला. एजन्सीत जाऊन घरात राहणाऱ्या माणसाचा नंबर नोंदवा. आधारशी जोडलेला नंबरही बंद पडला असेल तर आधार केंद्रावर आधी तो बदला, नाहीतर वरची बँकेची तपासणीसुद्धा करता येणार नाही.

केवायसीत अंगठा जुळत नाही ही ऊसतोड आणि शेतमजुरी करणाऱ्या बायकांची खरी अडचण आहे. बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. "नंतर या" म्हणून परत पाठवलं तर परतू नका. गॅस कंपनीच्या ॲपमधून चेहऱ्यावरून केवायसी होते. ती एजन्सीतल्या माणसाच्या फोनवरही करता येते. या कामाला पैसे लागत नाहीत. उज्ज्वलाच्या ग्राहकांनी एप्रिलनंतरच्या पहिल्या सिलेंडरलाच यंदाची केवायसी झाली का, हे विचारून घ्यावं.

आपला नंबर दुसऱ्याला वापरायला देणं

शेजारच्या वडापाववाल्याने तुमच्या पुस्तकावर सिलेंडर उचलला, तुम्हाला पन्नास-शंभर दिले. तो तुमच्या ९ मधला एक गेला, आणि तीन मोफतांपैकी एक असेल तर तोही. घरगुती सिलेंडर धंद्याला वापरणं गुन्हाच आहे, आणि पुस्तकावर नाव तुमचं.

घरचं वीजबिल माफ झालेलं नाही

राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज दिली आहे. ती पंपाच्या मीटरला. घराचा मीटर वेगळा, त्याचा बारा आकडी ग्राहक क्रमांक वेगळा. "बिल माफ झालंय" या गैरसमजात घरचं बिल थकवून ठेवलेली कुटुंबं आहेत आणि त्यांची थकबाकी व्याजासह वाढते आहे.

घरासाठी असलेली सवलत ३६० युनिटांची आहे. मंजूर भार पाव किलोवॉटपर्यंत आणि आर्थिक वर्षातला वापर ३६० युनिटांपर्यंत, म्हणजे महिन्याला सरासरी ३०, असेल तर दारिद्र्यरेषेखालच्या गटाचा स्वस्त दर लागतो. वर्षाचा वापर त्यापुढे गेला की घर सर्वसाधारण घरगुती दरात जातं आणि नंतर वापर कितीही कमी केला तरी परत येता येत नाही. हे फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून हिशेब मांडतो. ७५ वॉटचा पंखा रोज आठ तास चालला की महिन्याला १८ युनिट. जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब रोज पाच तास, १५ युनिट. दीड हजार वॉटचं पाणी तापवायचं कॉइल रोज वीस मिनिटं, पुन्हा १५. म्हणजे पंखा आणि कॉइल एवढ्यावरच तीस ओलांडले. बल्बच्या जागी ९ वॉटचा एलईडी लावला तर तेच पाच तास दीड युनिटाच्या आत होतात. कॉइल बंद ठेवणं आणि बल्ब बदलणं, या दोन गोष्टींवर हा दर टिकतो.

कुलूपबंद घर आणि सरासरी बिल

जत, आटपाडीकडची माणसं ऊसतोडीला गेली की चार-पाच महिने घराला कुलूप. रीडिंग घेणाऱ्याला मीटर दिसत नाही आणि सरासरीवर बिल निघतं. परत आल्यावर ते बिल तसंच भरून टाकतात किंवा तसंच ठेवून देतात. दोन्ही चूक. मीटरचा आजचा आकडा आणि मीटर क्रमांक एकाच फोटोत येईल असा फोटो काढा, बिल जोडून शाखा कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. जाणाऱ्यांनी शक्य असेल तर मीटर बाहेरून दिसेल असा ठेवावा, किंवा महावितरणच्या ॲपवर स्वतः रीडिंग पाठवावं. सरासरीचे जास्तीचे युनिट वर्षाच्या हिशेबात राहिले तर वरच्या ३६० च्या मर्यादेवरही वाद उभा राहतो, म्हणून मार्चअखेरची वाट बघू नका.

सौर पॅनेल

फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३०,००० रुपये अनुदान आहे, तीन किलोवॉटला ७८,०००. गरीब घरासाठी महत्त्वाची आहे ती राज्याची २०२५ ची "स्मार्ट" योजना. महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्यांना एक किलोवॉटवर राज्याचं जादा अनुदान मिळतं. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीला १५,०००, इतरांना १०,०००. खर्च ५०,००० धरला तर दारिद्र्यरेषेखालच्या घराच्या वाट्याला २,५०० रुपये उरतात. आधी येईल त्याला आधी असा क्रम आहे.

अर्ज अडतो तो बिलावरच्या नावामुळे. मीटर अजून आजोबांच्या नावावर असतो. आधी नाव बदला, थकबाकी मिटवा, मग अर्ज करा. नोंदणीकृत पुरवठादाराची यादी योजनेच्या संकेतस्थळावर असते. यादीत नसलेल्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

"आज रात्री वीज कापू"

असा मेसेज आला आणि खाली कुणाचा खासगी नंबर असला तर तो लुटारू समजा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर १५ दिवसांची लेखी नोटीस लागते.

बिलाची रक्कमच मान्य नसेल तर त्याच कलमात वाट आहे. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली कमी असेल ती निषेध नोंदवून भरा. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. अर्जावर "निषेध नोंदवून भरत आहे" हे शब्द लिहा. शाखेत दाद लागली नाही तर महावितरणचा १९१२ नंबर आहे, आणि पुढे परिमंडलाचा ग्राहक तक्रार निवारण मंच. साताऱ्याचं परिमंडल बारामती, सांगलीचं कोल्हापूर. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. वकील लागत नाही. गॅसच्या तक्रारीला १८००-२३३-३५५५, उज्ज्वलासाठी १८००-२६६-६६९६, आणि अन्नपूर्णाचे पैसे अडले असतील तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज. अर्जासोबत सिलेंडरच्या पावत्या जोडा आणि पासबुकावर त्या तारखेनंतरच्या नोंदी भरून घ्या, कारण तिथे पहिला प्रश्न हाच येतो की पैसे जमा झाले नाहीत हे तुम्ही कशावरून म्हणता.