पालकहो, एवढ्या चुका तरी टाळा

मुलाच्या अभ्यासात लक्ष घाला म्हटलं, की निम्मे पालक मुलाचा अभ्यासच स्वतः करायला बसतात. बावीस वर्षं शिकवतेय, पण हे खूळ काही जात नाही.

चौथीतल्या एका पोराने आपल्या नागपूरच्या झिरो माईलचं, म्हणजे त्या घोडेवाल्या जुन्या दगडी खांबाचं, मॉडेल आणलं. पुठ्ठ्याचा खांब, चकचकीत रंगवलेले घोडे, खाली छापील पट्टी. एकदम झकास! मी सहज विचारलं, "घोडे किती रे?" पोरगं मान वळवून मोजायला लागलं. "तीन." मी म्हटलं, नीट आठव. "पप्पांनी केलंय ना मॅडम, मंग तीनच असतील." संध्याकाळी आईचा फोन आला, "चौथा स्कूटीवर पडला हो, डिंक ओला होता. मार्क कापू नका." पोराची व्हॅन रोज सीताबर्डीतून, झिरो माईलजवळूनच जाते, बरं का!

मी म्हटलं, रविवारी त्याला तिथं न्या आणि वही-पेन्सिल त्याच्याच हातात द्या. सोमवारी चित्र आलं. घोडे पार शेळ्यांसारखे, पण चार. मार्क मी त्या चित्राला दिले.

माझ्या घरी पोरगी लिहायला बसली की मी शेजारी भाजी निवडत बसायची. विचारलं तर सांगायची, पण खोडरबराला हात लावायचा नाही. वेळ लागतो. घाई असलेल्यांनी प्रोजेक्ट विकत आणावा, निदान रात्रीची झोप तरी होईल.

पालकसभेत "किती मार्क कमी पडले?" एवढंच विचारून पळू नका. कुठं अडतो, कोणासोबत बसतो, डबा खातो का, हे विचारा. आणि पोरासमोर शेजारच्या पोराचे मार्क काढू नका.

उन्हामुळे आपल्या विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात. पंधरा दिवस होत नाहीत तर "वाचता येत नाही, ट्यूशन लावू का?" सुरू! थांबा नं बाप्पा. रोज दहा मिनिटं दुकानांच्या पाट्या वाचून घ्या. पोळ्यापर्यंत फरक नाही पडला तर या माझ्याकडे.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर "आज होमवर्क काय?" विचारू नका. ते पोराला विचारा.

शाळा व्यवस्थापन समितीचं रजिस्टर न वाचता सही करू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यानुसार सरकारी, मनपाच्या आणि अनुदानित शाळांच्या समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. तरी आमच्या बैठकीला चहाच्या वेळी चार डोकी. नळाला पाणी नाही ही तक्रार मात्र गेटवर, व्हॅनवाल्याजवळ.