एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) बाळाचा श्वास थांबला की काय बघायचं, काय करायचं

आधी एक गोष्ट समजून घ्या. ऑक्सिजन कमी पडला की मोठ्या माणसाचा श्वास वाढतो आणि बराच वेळ वाढलेलाच राहतो, पण 37 आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाचं उलटं होतं, म्हणजे पहिलं एक-दोन मिनिटं ते भराभर श्वास घेतं आणि मग दमल्यासारखं हळू होत जातं, कधी कधी थांबतंच. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असतं म्हणून हे होतं, तुमची काही चूक नाही, हे खरंच मनावर घेऊ नका.

अलार्म वाजला की स्क्रीनकडे नाही, आधी बाळाकडे बघा. छाती-पोट हलतंय का? ओठ, जीभ गुलाबी आहेत का? 5-10 सेकंद थांबून परत भराभर श्वास सुरू झाला, रंगही चांगला, तर बहुतेक वेळा ते नॉर्मल असतं. 20 सेकंद किंवा जास्त थांबला, किंवा त्याआधीच रंग निळसर पडला, ठोके मंदावले तर लगेच नर्सला हाक मारा आणि तोवर तळपायाला नाहीतर पाठीला हलकेच चोळा. गदागदा हलवायचं अजिबात नाही!! कांगारू केअर देताना (म्हणजे बाळाला आपल्या उघड्या छातीशी धरताना) मान पुढे दुमडलेली नाही ना आणि नाक मोकळं आहे ना, हे सारखं बघत रहा.

ऑक्सिजनचा नॉब स्वतः वाढवू नका, जास्त ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते. आणि डॉक्टर कॅफीन देतात ते ऐकून घाबरू नका, ते श्वासाच्या केंद्राला जागं ठेवायलाच असतं.