घानाला सहकुटुंब निघताय? या चुका टाळा

तिकिटं काढून झाली, हॉटेल ठरलं, मुलांनी नकाशावर राजधानी अक्राभोवती गोल काढला आणि निघायला आठवडा उरला असताना कुणीतरी विचारलं, "यलो फीव्हरची लस घेतलीत ना?" आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला यापायी तिकिटं पुढे ढकलावी लागली. ही लस घेतल्यावर 10 दिवसांनी तिचं पिवळं कार्ड, म्हणजे लसीचा दाखला, वैध होतं, त्याआधी नाही. घानात उतरल्यावर ते दाखवावं लागतं. परतीच्या वेळी तर आपल्याच विमानतळावर जास्त कडक असतात: वैध कार्ड नसेल तर भारतात 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, तीही बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या वारी आणि आधी नाव नोंदवून. म्हणून निदान दोन महिने आधी चौकशी करा. कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक तिथेच उभं राहून तपासा. आपल्याकडे मधलं नाव कधी लिहितात, कधी गाळतात; इथे ते पासपोर्टात आहे तसंच हवं. घरात 9 महिन्यांहून लहान बाळ असेल, कुणाला अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा साठी उलटलेले आजी-आजोबा पहिल्यांदा लस घेणार असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. जुन्या कार्डावर 10 वर्षांची मुदत छापलेली असली तरी काळजी नको. 2016 पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर धरली जाते.

"डासांची आपल्याला सवय आहे"

सगळ्यात घातक चूक हीच. घानातला मलेरिया मुख्यतः फाल्सिपॅरम जातीचा आहे आणि लहान मुलांमध्ये तो बघता बघता गंभीर होतो. धोका संपूर्ण देशात आहे, अक्रा शहरातसुद्धा. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांकडून मुलाच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल दिली तर निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर 7 दिवस चालू ठेवायची असते. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर 4 आठवडे घ्यावी लागते आणि 8 वर्षांखालच्या मुलांना सहसा देत नाहीत. घरी पोचलो, आता कशाला, म्हणून गोळ्या मध्येच सोडणारे खूप भेटतात. तसं अजिबात करू नका.

केप कोस्ट या किनाऱ्यावरच्या गावी आमच्या धाकटीने उपाशीपोटी गोळी घेतली आणि पाव तासात उलटी केली. रात्रीचे नऊ वाजले होते, म्हणजे पुण्यात पहाटेचे अडीच. तरी डॉक्टरांना फोन लावला. तासाच्या आत उलटी झाली असेल तर पुन्हा द्या, पण पोटात काहीतरी स्निग्ध जाऊ दे, असं त्यांनी सांगितलं. तिथे शेंगदाण्याची घट्ट पेस्ट सगळीकडे मिळते. केळ्याच्या कापावर ती फासली, तिच्यात गोळी दडवली आणि गाडी मार्गी लागली. तेव्हापासून गोळी रोज जेवणानंतरच.

परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत कुणालाही ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून थांबू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही घानाला जाऊन आलोय, आणि त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करून घ्या.

मे महिन्याची सुट्टी

आपल्या शाळांना सुट्टी असते तेव्हा दक्षिण घानात पाऊस भरात येतो. मे-जूनमध्ये अक्रात जोरदार सरी कोसळतात आणि सखल भागांत पाणी भरतं. 3 जून 2015 च्या पुरात आणि त्याच रात्री पेट्रोल पंपावर झालेल्या स्फोटात दीडशेहून अधिक माणसं गेली. शक्य असेल तर दिवाळीच्या सुट्टीचा शेवट किंवा नाताळ धरा. मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी सहारातून हरमॅटन वारा धूळ घेऊन येतो, तेव्हा दम्याचा त्रास असलेल्या मुलाचा पंप हातातल्या बॅगेतच ठेवा. नाताळात परदेशी राहणारे घानावासी घरी येतात, त्यामुळे खोल्याही महागतात.

एका दिवसात तीन ठिकाणं

अक्राहून केप कोस्ट जेमतेम दीडशे किलोमीटर. नकाशा पाहून वाटतं, सकाळी निघू, काकुमच्या जंगलातला झुलता पूल, केप कोस्टचा किल्ला आणि एल्मिनाचा किल्ला उरकून रात्री परत. आम्हीही तेच ठरवलं होतं. शहराबाहेर पडतानाच कासोआ गावाच्या गर्दीत गाडी अडकली आणि पोचेपर्यंत मुलं आंबून गेली. केप कोस्टला दोन रात्री मुक्काम करा. काकुमला सकाळी लवकर जा. तिथे झाडांच्या शेंड्यांतून 7 झुलते पूल आहेत, एकूण लांबी सुमारे 350 मीटर, काही ठिकाणी जमिनीपासून 40 मीटर उंच. हत्ती दिसतील असं मात्र मुलांना सांगून ठेवू नका. हत्तींसाठी उत्तरेला मोले अभयारण्यात जावं लागतं. त्यासाठी अक्राहून तमाले शहरापर्यंत विमान आणि पुढे काही तास गाडी, म्हणजे वेगळे तीन दिवस हवेत.

किल्ल्याला स्वतंत्र अर्धा दिवस द्या, आणि मुलांना आदल्या रात्री सांगा की आपण काय पाहणार आहोत. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी 1482 मध्ये बांधायला घेतला. पुढे या किनाऱ्यावरच्या किल्ल्यांतून गुलाम म्हणून पकडलेली माणसं जहाजांवर चढवली गेली. केप कोस्टला पुरुषांच्या कोठडीवर, बरोबर डोक्यावर, प्रार्थनेची जागा होती. वाटाड्याने हे सांगितलं तेव्हा आमचा बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, "म्हणजे वरच्यांना खालचं ऐकू येत असणार." कुणी काही बोललं नाही. ज्या दारातून माणसांना समुद्राकडे नेलं, त्यावर आतल्या बाजूने "न परतण्याचं दार" अशा अर्थाची पाटी आहे. त्या दारात हसरे सेल्फी काढू नका. तिथे कुणीतरी आपल्या पूर्वजांसाठी रडत उभं असतं.

जेवण

"नो मीट" एवढं सांगून शाकाहारी ताट मिळत नाही, कारण मासे त्यात धरत नाहीत. मीट, फिश, सुकी कोळंबी, तिन्ही नको म्हणून सांगा. शितो या काळ्या तिखट चटणीत सुकी मासळी असतेच, आणि जोलोफ भात बहुधा मांसाच्या रसात शिजवतात. केलेवेले, म्हणजे आलं-मिरची लावून तळलेलं पिकलं प्लँटेन (केळ्याचाच एक प्रकार), आमच्या आईंना फार आवडलं. कोंतोमिरे ही पालेभाजी पाहून त्या म्हणाल्या, हे तर अळूचं फदफदं! पानं त्याच कुळातली असतात, पण सुका मासा घातला नाही ना, हे विचारूनच घ्या. सोबोलो हे लाल सरबत अंबाडीच्याच बोंडांचं, ते मुलांना द्यायला हरकत नाही. फक्त पाणी बंद बाटलीतलं आहे ना आणि बर्फ नाही ना, हे बघा.

आपलं यूपीआय तिथे चालेल असं धरून जाऊ नका. मोठ्या हॉटेलांबाहेर रोख सेडी (घानाचं चलन) किंवा तिथलं मोबाइल मनी चालतं.

मुलांचे लष्करी छापाचे टी-शर्ट आणि टोप्या घरीच ठेवा. घानात सामान्य माणसाने ते घालायला बंदी आहे. समुद्र शांत दिसला तरी गिनीच्या आखातात पाणी आत ओढतं. स्थानिकांना विचारल्याशिवाय मुलांना घोट्यापलीकडे सोडू नका. व्होल्टा सरोवरात पायही बुडवू नका, कारण त्या पाण्यात बिल्हार्झिया या आजाराचे जंतू असतात.

आणि निघण्याआधी प्रत्येकाचा जन्मवार काढून ठेवा. घानातल्या अकान लोकांत वारावरून नाव पडतं: शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारची मुलगी अमा, गुरुवारची मुलगी "या". एल्मिनाच्या वाटेवर शहाळंवाल्याला मी घाईत डाव्या हाताने पैसे दिले. त्याने ते घेतले नाहीत, नुसता पाहत राहिला. आईंनीच माझ्या हातातून नोट काढून उजव्या हाताने पुढे केली. "प्रसाद घेतेस का डाव्या हाताने?" त्याने हसून त्यांचा वार विचारला. गुरुवार कळल्यावर शहाळं त्यांच्या हातात देत म्हणाला, "नाना या." तिकडे आजीलाही नानाच म्हणतात.